विचारून टोचलेली सुई

जत तालुक्यातल्या आमच्या वाडीतून परदेशी जाऊन आलेले दोघंच होते, तेही फौजेतून. तिसरी मी. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीत माझी निवड झाली आणि जर्मनीतल्या एका रुग्णालयात मी महिनाभर काम शिकायला गेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलीही मीच पहिली. सांगते, कारण लपवण्यासारखं त्यात काही नाही.

महिना संपताना तिथले मोठे डॉक्टर एका कागदावर सही करणार होते. त्यावर दोन चौकटी होत्या: 'फक्त पाहिलं' आणि 'स्वतः काम केलं'. मला दुसरी हवी होती. नुसतं बघायला मी एवढ्या लांब गेले नव्हते.

तिथं सकाळी रक्त काढायचं काम विद्यार्थ्यांकडं असतं. म्हटलं, हे तर आपल्या हातातलं. सांगलीकडं वॉर्डात ट्रे दिसला की पेशंट आपणहून बाही वर सारतो. "घ्या बाई, घ्या एकदाचं." हात धरायचा, पट्टा बांधायचा, सुई. पहिल्या दिवशी मी तेच केलं. एका आजोबांचा हात धरून पट्टा आवळला, तर त्यांनी हात मागं ओढला. सिस्टर बघत होत्या.

"तुझं नाव सांगितलंस? त्यांना विचारलंस?"

"पण रक्त तर काढायचंच आहे ना?"

"हात त्यांचा आहे," सिस्टर म्हणाल्या.

गोष्ट डॉक्टरांपर्यंत गेली. आठवडाभर फक्त बघायचं, असं ठरलं. मी कोपऱ्यात उभी राहिले. राग आला, आणि पहिली चौकट डोळ्यांसमोर दिसायला लागली. मग चहाच्या सुट्टीत त्याच सिस्टरांकडं गेले आणि म्हटलं, शिकवा. नमस्कार, नाव, रक्त काढायचं आहे, चालेल का, एवढं जर्मनमध्ये त्यांनी माझ्याकडून घोकून घेतलं.

"आणि मग?"

"मग उत्तर येईपर्यंत गप्प."

ते गप्प राहणं सगळ्यात अवघड गेलं. आमच्याकडं डॉक्टर गप्प राहिला की लोक समजतात, ह्याला काय येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात एक आजी दाखल झाल्या. अंगातलं पाणी कमी झालेलं, शीर मिळेना. दोन विद्यार्थ्यांनी आणि एका डॉक्टरांनी टोचून दोन्ही हात निळे केले होते. आता कुणी हात लावायचा नाही, असं आजींनी सांगून टाकलं. मी मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, "मी बघू का?" त्यांनी सिस्टरांकडं पाहिलं. सिस्टरांनी मान डोलावली.

स्टुलावर बसले, नाव सांगितलं, विचारलं. "नाही," आजी म्हणाल्या. मी बसून राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, कुठली तू? सिस्टर इंग्रजीतून दुभाष्या झाल्या. मी म्हटलं, भारतातली, वडलांची मेंढरं आहेत.

"किती?"

"पन्नास-साठ."

आजी हसल्या. हात पुढं केला. "एकदाच हं."

हातावर शीर कुठंच दिसत नव्हती. गावी जनावरांचे डॉक्टर मेंढीला सलाईन लावायचे तेव्हा मान धरून मी बसायची. माझे वडील, आबा, म्हणायचे, "डोळ्यानं नगं, बोटानं बघ. दाबल्यावर उसळतीया ती शीर." मी नजर काढून घेतली आणि नुसतं बोट फिरवलं. कोपराच्या आत, कडेला, खोल. उसळली. पहिल्याच टोचणीत नळी भरली.

आजी सिस्टरांना म्हणाल्या, उद्या हिलाच पाठवा.

संध्याकाळी आबांना फोनवर सगळं सांगितलं.

"म्हातारीला इचारून टोचलीस व्हय? आमी मेंढीला कवा इचारलं न्हाई."

"म्हणून तर ती तुमाला लाथा झाडतीया, आबा."

आबा म्हणाले, "लय ब्येस केलंस."

दुसऱ्या दिवसापासून ट्रे माझ्याकडं आला. आजींचं रक्त तर काढलंच, पण ज्यांची शीर सापडत नाही असे शेजारच्या वॉर्डातले पेशंटही सिस्टर माझ्या यादीत घालायला लागल्या. प्रत्येकाला विचारलं. दोघं नाही म्हणाले, त्यांना सोडून पुढं गेले.

शेवटच्या दिवशी कागद हातात आला. खूण दुसऱ्या चौकटीत होती. खाली डॉक्टरांनी पेनानं एक ओळ लिहिली होती: अवघड शिरा आम्ही हिच्याकडे पाठवत होतो.