देवालाही न सांगितलेलं दुखणं

दर गुरुवारी मी दत्तासमोर बसत असे आणि "महाराज, मला बरं करा" म्हणत असे. पण दुखणं कुठे आहे, ते मनातल्या मनातही उच्चारत नसे. साठ सालच्या सुमाराची ही गोष्ट. मी तेव्हा बेंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात नकाशे काढण्याच्या कामावर होतो. आमचं घर चिकपेटेत, पिढ्यान् पिढ्यांचं. लघवीच्या जागी, कातडीखाली एक वाढ झाली होती. आधी चामखिळीएवढी होती, आठ महिन्यांत फुलकोबीच्या तुऱ्यासारखी पसरली. रक्त येई, वास येई. मी धोतरं स्वतः धुऊ लागलो आणि बाहेरच्या खोलीत वेगळा निजू लागलो. बायकोने कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. देव हाक ऐकत नाही, असं मात्र वाटायला लागलं होतं.

विजार घालवेना म्हणून एक सैलसर शिवून घ्यायला शिवाजीनगरला गेलो. लांबी मोजण्यासाठी म्हाताऱ्या शिंप्याने टेप मांडीच्या आतल्या बाजूला नेली आणि मी कळवळून मागे सरलो. त्याने टेप खाली ठेवली. दुकानाचा पडदा ओढला आणि हळूच म्हणाला, "साब, वहाँ जखम है क्या?"

मी चपला शोधू लागलो.

"मेरे बडे भाई कू भी था. शरम में छुपाया उनो. हकीम कू भी नै दिखाया. गुजर गये." त्याचे डोळे भरून आले होते. "आप मत छुपाओ."

मी मान डोलावली, एवढंच. त्या परक्या माणसाने दुकानाला कुलूप घातलं, टांगा बोलावला आणि मला मोठ्या दवाखान्यात नेलं. बाहेरच्या बाकावर तो दोन तास थांबला.

डॉक्टर कानडी होते, वयाने माझ्याएवढेच. मी धोतर सोडेना, तेव्हा म्हणाले, "नाचिके बेडा, अण्णा." लाजू नका. जांघेतल्या गाठीही सुजल्या होत्या. त्यांनी एक छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्याने उत्तर आलं: साधी चामखीळ, कर्करोग नाही. मी थेट देवळात जाऊन नारळ फोडला, पेढे वाटले. चमत्कार झाला असंच मला वाटलं.

पण डॉक्टरांचं समाधान झालं नाही. "वरवरच्या तुकड्यावर माझा विश्वास नाही. मुळातला तुकडा हवा," ते म्हणाले. मला त्यांचा राग आला. देवाने दिलेलं हा माणूस हिसकावून घेतोय, असंही वाटलं. दुसऱ्या तपासणीत कर्करोग निघाला. हा विरळा प्रकार आहे, वरून चामखिळीसारखा दिसून फसवतो, हळू वाढतो आणि सहसा लांब पसरत नाही, असं त्यांनी समजावलं. पुढचा भाग मात्र काढावा लागणार होता.

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, तुमचं मन माझ्यावरनं उठलं."

"आता मी पूर्वीसारखा राहणार नाही," मी म्हणालो.

"सरी, नसाल तसे. पण असणार ना?" तिने सूप बाजूला ठेवलं आणि कित्येक महिन्यांनी माझा हात हातात घेतला. "मला एवढं पुरे."

शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर पट्टीकडे बघवेना. पुढे लघवीला बसावं लागायचं, त्याची लाज कित्येक दिवस गेली नाही. गाठींचं काय ते सहा आठवड्यांनी ठरणार होतं. त्या नुसत्या जखमेच्या सुजेने आल्या असतील तर ओसरतील, कर्करोग तिथवर पोचला असेल तर पुन्हा चिरावं लागेल. तो काळ सर्वांत कठीण गेला, कारण करण्यासारखं माझ्या हाती काहीच नव्हतं. एका गुरुवारी मला उठवेना म्हणून बायकोनेच पूजा केली. मी खाटेवरून ऐकत होतो. तेव्हा पहिल्यांदा देवाला सगळं नाव घेऊन सांगितलं, कुठे, काय, कशाची भीती वाटते ते. मागितलं काही नाही. सांगून झाल्यावर शांत झोप लागली.

गाठी ओसरल्या. डॉक्टरांनी दोनदा चाचपून पाहिलं आणि हसले.

शिंप्याला भेटायला गेलो तेव्हा त्याने आभार मानूच दिले नाहीत. "भाई के वास्ते किया," एवढंच म्हणाला. त्याला कोणी पाठवलं, यावर मी कोणाशी वाद घालायला जात नाही. मी नारळ फोडला होता खोट्या सुटकेसाठी, आणि ज्या डॉक्टरांवर रागावलो त्यांच्याच हातून वाचलो. तेव्हापासून कृपा कशी दिसावी, हे देवाला सांगायचं मी सोडून दिलं. डोकं टेकवतो आणि जे असेल ते उघड करतो.