आधी हात काढ!

कॉम्प्युटर अडकला की माणसं आरडाओरडा करतात. आमच्या अक्का चहा टाकायच्या. ठाकुर्लीत त्यांचं लग्नाचे व्हिडिओ एडिट करून देण्याचं छोटं दुकान होतं आणि मी वर्तकनगरहून तिथे काम शिकायला जायचे. स्क्रीन गोठली की माझा हात माऊसकडे धावायचा. लगेच पाठीमागून आवाज यायचा, "आधी हात काढ!" चहा संपेपर्यंत कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, हा दुकानाचा कायदा होता.

त्यामागे कारण होतं. घाबरलेला माणूस भलतंच बटण दाबतो आणि उरलंसुरलं काम घालवून बसतो. सॉफ्टवेअर आपलं आपण अधूनमधून कामाच्या प्रती करून ठेवत असतं. त्या प्रती आधी दुसरीकडे उचलून ठेवायच्या आणि मग एकेक उघडून बघायची. "दूध उतू गेलं तरी पातेल्यात थोडं उरतंच गं," त्या म्हणायच्या. "आधी ते बाजूला काढावं, मग ओटा पुसावा."

एरवी मात्र अक्का आणि शांतपणा यांचा काही संबंध नव्हता. ड्रोनवाल्यांवर तर त्यांचा भारी राग. "वरून मांडव काय दाखवतोस? कावळ्याला आमंत्रण आहे का?" असं त्यांनी एका कॅमेरावाल्याला तोंडावर विचारलं होतं. नवरानवरीच्या संथ चालीवर त्या खुशाल कात्री चालवत. पण कोपऱ्यातल्या खुर्चीवर एखादी आजी दिसली की त्यांचा हात थांबायचा. "हे दोघं काय, उद्यापासून रोज सेल्फी काढतील. हिला ठेव. पुढच्या लग्नात असेल-नसेल."

लिहायचा त्यांना कंटाळा. त्यामुळे माझ्यासाठीच्या सूचना त्या माइकवर बोलून, चित्राखाली आवाजाच्या पट्ट्या असतात, त्यातल्या सगळ्यात शेवटच्या पट्टीवर ठेवून द्यायच्या. 'इथे मामा रडतोय, कापशील तर बघ' अशा थाटाच्या. व्हिडिओ गिऱ्हाइकाला देताना ती पट्टी बंद करायची. एकदा अक्का स्वतःच विसरल्या आणि डोंबिवलीच्या एका सासूबाईंनी घरच्या टीव्हीवर, सगळ्या पाहुण्यांसमोर ऐकलं, "या बाईंचं तोंड कायम वाकडं, लवकर उडव." त्या भांडायला आल्या, तेव्हा अक्कांनी त्यांनाही चहाच पाजला.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. आजारपण नाही, काही नाही, सकाळी उठल्याच नाहीत. दुकानात बाळकुमच्या एका हळदीचं काम अर्धवट होतं. नवरीच्या आईचा फोन आला, "आमचे हलदीचा व्हिडिओ कवा देतेस गो?" म्हणून मी दुकान उघडलं, तर अक्कांच्या एडिटिंगची फाइल उघडेना. शूटिंग सगळं शाबूत होतं. मी नव्याने काम करून देऊ शकले असते. पण मग अक्कांच्या हातचं शेवटचं काम कायमचं गेलं असतं. ते मला नको होतं.

माझा हात माऊसवर गेलाच होता. मी तो काढला. त्यांच्याच पातेल्यात चहा केला आणि एकटीने बसून प्यायले. मग प्रती बाजूला काढल्या. सगळ्यात नवी प्रत उघडेना, तिच्या आधीचीही उघडेना. तिच्याही आधीची मात्र उघडली.

मांडव दिसला, हळदीने माखलेली पोरगी दिसली आणि मग भिंतीला टेकून धवले, म्हणजे लग्नातली जुनी गाणी, गाणारी एक म्हातारी. चित्र तिच्यावरच थांबून राहिलं होतं. तेवढ्यात खालच्या पट्टीवर अक्का बोलल्या, "अगं, ही गातेय तोवर हलू नकोस. गाणं पुरं होऊ दे. आणि चहा ठेव, मी आलेच."

मी रडले. भरपूर रडले. पुन्हापुन्हा तेवढंच ऐकत राहिले.

राहिलेलं काम त्यांच्या पद्धतीने पुरं केलं. म्हातारीचं गाणं शेवटपर्यंत ठेवलं. आता व्हिडिओ द्यायचा, तर खालची पट्टी बंद करणं भाग होतं. आधी त्या फाइलची एक प्रत काढून बाजूला ठेवली. मग अक्कांचा आवाज बंद केला.