माझ्याच लाथेचा मार

पडद्यावरचा ढोल्या म्हणाला, "माझो बांगडो खंय गेलो रे?" आणि मालवणचा अख्खा हॉल खदखदून हसला. आवाज माझा होता. मी पहिल्या रांगेत, शेजारी माझी सातवीतली मुलगी. तीही हसली. मग तिने आवाज ओळखला आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

ढोल्या म्हणजे त्या ॲनिमेशनपटातला बावळट चोर. ढगळ चड्डी, नाकात शेंबूड. सबंध सिनेमात मालवणी बोलणारा तो एकटाच. मग समुद्रातून महानायक वर आला. कोकणचा रक्षक म्हणे. बोलत होता मात्र टीव्हीवरच्या बातम्यांसारखं. त्याने हवेत गिरकी घेतली आणि ढोल्याच्या पेकाटात लाथ घातली.

"बाबा, ती गिरकी तुझीच मां?" मुलीने विचारलं.

माझीच. मिसरूड फुटल्यापासून मी दशावतारात लढाया करतो. या सिनेमाच्या दिग्दर्शकाने मला मुंबईला नेलं, अंगाला घट्ट काळे कपडे चढवले, त्यावर ठिपके चिकटवले आणि दिवसभर लढवलं. माझी हालचाल कॉम्प्युटरमधून नायकाच्या अंगात गेली. दुसऱ्या दिवशी माइकसमोर उभं केलं. म्हणाला, "काहीतरी गावठी बोला. मजा येईल असं."

आमच्या दशावतारात संवाद कोणी लिहून देत नाही. ज्याने सोंग घेतलं तोच त्याचं बोलणं आयत्या वेळी रचतो. लढलो मी, म्हणजे नायकाचं बोलणंही माझंच, असं मी धरून चाललो. आमचा राजाही लढाईआधी थट्टामस्करी करतो. तशी मी केली. त्यांनी माझं अंग नायकाला दिलं आणि जीभ चोराला.

म्हणून मी माझ्याच लाथेने मार खात होतो. पोरं टाळ्या पिटत होती. आमचीच पोरं, घरी हीच भाषा बोलणारी. आपल्या आयशीसारखं बोलणारा माणूस लाथ खायलाच जन्मतो, हे ती तिथे शिकत होती. माझ्या मुलीने मान खाली घातली. ती खाली गेलेली मान मी विसरणार नाही.

सिनेमा संपल्यावर दिग्दर्शकाने मला स्टेजवर बोलावलं. खांद्यावर हात टाकला. "हे आमचे अस्सल गावठी कलाकार. दादा, ते बांगड्याचं एकदा बोला ना."

मी त्याचा हात खाली काढला. "लाथ माझी आसा. गिरकी माझी आसा. तुझ्या हिरोच्या तोंडात माझी भाषा घाल, मगे मी बोलतलंय."

तो हसला. "दादा, हिरो असं बोलला तर लोक हसतील."

माझ्या गावात, माझ्या मुलीसमोर, माझ्या तोंडावर म्हणाला.

आता त्याला दुसरा भाग काढायचा आहे. नवी लढाई हवी, म्हणून फोनवर फोन. मी दिली नाही. इथल्या दशावतारी कंपन्यांमध्ये जाऊन लढणाऱ्या प्रत्येकाला सांगून आलो, त्याला एक गिरकीसुद्धा द्यायची नाही. त्याचा महानायक हात लोंबकळवत उभा राहू दे. मला ते बघायचं आहे.

आणि आम्ही कॉमिक काढतोय. लढाई मी सांगतो, चित्रं मुलगी काढते. आमचा राजा मालवणीत बोलतो. राक्षसाला मी दिग्दर्शकाची भाषा दिली आहे, शुद्ध आणि गोड. तो सगळ्यांना दादा म्हणतो आणि पानापानावर लाथ खातो.

काल मुलीने पेन्सिल थांबवली. "बाबा, शेवटाक तेका माफ करूया?"

"नाय गो," मी म्हणालो. "फुडला पान काढ."