ओहम मॅडमची खरखर

ओहम मॅडम रेझिस्टर कानांनी निवडायच्या. विजेला अडवणारा तो तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. त्यावरचे रंगीत पट्टे वाचून बाकीचे कामाला लागतात. या बाई तो आपल्या सर्किटमध्ये अडकवायच्या, हेडफोन चढवायच्या आणि डोळे मिटून बसायच्या. मग ‘हा बडबड्या’ म्हणून बाजूला टाकायच्या, नाहीतर ‘हा गप्प आहे’ म्हणून बडीशेपेच्या रिकाम्या डबीत जपून ठेवायच्या. ओहम हे विजेला होणाऱ्या त्या अडवणुकीचं माप; मुलांनी त्यांना हे नाव ठेवलं ते त्यावरूनच. आमच्या तंत्रनिकेतनात त्या इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या, मी गणित. नागावात आम्ही शेजारी शेजारी भाड्याने राहत होतो, त्यामुळे बस, भाजी आणि घरची दुखणी आमची एकत्रच असायची.

“पहिल्या पायरीवर गप्प माणूस बसवा,” असं त्या वर्गात सांगायच्या. माईकमधून येणारा आवाज इतका बारीक असतो की आधी तो प्रीअँपमध्ये वाढवावा लागतो, आणि तिथे खरखर शिरली की आवाजाबरोबर तीही वाढत जाते. कार्बनचा रेझिस्टर त्यातून वीज वाहू लागली की कुरकुरतो, मेटल फिल्मचा निमूट काम करतो. त्यातही ओहम जितके जास्त, तितकी खरखर जास्त. एका मुलीने विचारलं होतं, “मग पूर्ण गप्प कुठला, मॅडम?” त्या म्हणाल्या, “कुठलाच नाही. अंगात ऊब आहे तोवर प्रत्येकजण काहीतरी बोलतोच.” वर्ग हसला. त्यातली निम्मी मुलं पुढे न्हावा शेव्याला कंटेनर मोजायला जाणार होती. त्यांना या नाजूकपणाचं काय!

मॅडमना मात्र त्याची गरज होती, आणि ती घरातच होती. त्यांचे वडील, अण्णा, दिवेआगरकडच्या बौद्धवाडीतले. तरुणपणी त्यांची गायनपार्टी होती. जयंतीला, लग्नाला, बारशाला गावोगाव बोलावणं यायचं आणि गाणी सगळी अण्णांनीच रचलेली असायची. शाळेत गेलेल्या पहिल्या मुलीवर एक, विहिरीच्या पाण्यावर एक, अशी पाच वह्या भरून. चक्रीवादळात घराचं छप्पर उडालं आणि त्या वह्यांचा लगदा झाला. मॅडम अण्णांना नागावला घेऊन आल्या. त्यानंतर वर्षभरात अण्णांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. पार्टीतले साथीदार एकेक करून आधीच गेले होते. म्हणजे सगळी गाणी आता अण्णांच्या डोक्यात; शब्द लिहून घेता आले असते, पण मॅडमना ती चालीसकट हवी होती, आणि चालीला बाहेर यायला वाट फक्त त्या कुजबुजीची.

आधी मॅडमनी फोनवर रेकॉर्ड करून पाहिलं. फोनमधली आवाज साफ करणारी यंत्रणा कुजबुजीलाच कचरा समजायची आणि पुसून टाकायची. दोन शब्द यायचे, मग सगळं सपाट. “ताई, फोनला आमचे अण्णाच खरखर वाटतात,” मॅडम मला म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी प्रीअँप करायला घेतला.

पहिलं रेकॉर्डिंग मी स्वतः ऐकलं. पत्र्यावर वाळू ओतावी तशी खरखर, पण तिच्या आड अण्णा होते. शब्द लागत होते. चालसुद्धा कळत होती. मी तसं म्हणालेही. मॅडमनी मान हलवली. “हे कसलं ऐकवायचं कुणाला? अण्णांचं गाणं आहे हे. नीटच व्हायला हवं.” आणि माझ्यासमोर त्यांनी ते पुसलं.

अण्णा खाटेवर बसून बघत होते. त्यांनी मॅडमना जवळ बोलावलं आणि कुजबुजले, “बाय, आमचा कर्णा नुसता शिट्ट्या मारायचा. तरी लोक ऐकत व्हते. माणसाला कळतंय काय ऐकायचं हाय ते.”

“आठच दिवस द्या, अण्णा.”

त्या आठ दिवसांचे पाच महिने झाले. भर दुपारी पंखा बंद करून, खिडक्या लावून आम्ही घामाने निथळत बसायचो. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून तयार असायचे. दोन ओळी झाल्या की मॅडम हात वर करायच्या, हेडफोन काढायच्या. एक रेझिस्टर बदलायचा, दुसरा कमी ओहमचा घालायचा, पुन्हा पहिल्यापासून. खरखर खरंच कमी होत होती. प्रत्येक वेळी आधीचं रेकॉर्डिंग पुसलं जात होतं. मी दुसऱ्यांदा काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मलाही त्या हट्टाचं कौतुक वाटत होतं. अण्णांचा श्वास दुसऱ्या ओळीलाच संपू लागला होता, हे त्या खोलीत आम्हा दोघींनाही दिसत होतं.

मुंबईहून मागवलेल्या रेझिस्टरचं शेवटचं पार्सल आलं त्याच्या आदल्या सकाळी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. जीभ गेली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मॅडमनी पार्सल फोडलं, एकेक रेझिस्टर कानाने पारखला, दोन दिवसांत प्रीअँप पुरा केला आणि माईक अण्णांच्या ओठांशी धरला. “अण्णा, म्हणा. आता काही खरखर नाही. म्हणा ना.” अण्णांचे ओठ हलले. मॅडमनी हेडफोन माझ्या कानांना लावला. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. श्वास आत जाताना ऐकू येत होता, सुकी जीभ टाळूला चिकटून सुटताना ऐकू येत होती. शब्द एकही नव्हता. चौथ्या दिवशी अण्णा गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली. दुपारी मॅडम माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, “ताई, तुम्ही पाच महिने तिथे होता. माझं लक्ष सगळं खरखरीकडे होतं. तुम्ही तर गाणी ऐकत होता ना? एखादी ओळ सांगा.”

मी आठवायचा प्रयत्न केला. अजूनही करते. अण्णांचा चेहरा दिसतो, ओठ हलताना दिसतात.

“नाही हो, मॅडम,” मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली, पायांत चपला घातल्या. पुढच्याच महिन्यात त्यांनी बदली मागून घेतली. त्यानंतर मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी उचलला, हो-नाहीपुरतं बोलल्या आणि ठेवला. आता मीही करत नाही.