युरोपअण्णांची वीस वर्षं

आमच्या कारखान्यातल्या अण्णांनी उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. पण युरोपातल्या जहाजधंद्याचं पुढं काय होणार, याची काळजी त्यांच्याएवढी हुबळीत दुसऱ्या कुणाला नसेल. लोक सकाळी नळाच्या पाण्याची, पोरांच्या शाळेची, फार तर सोन्याच्या भावाची चौकशी करतात. अण्णा गेटातून आत येता येताच विचारायचे, "काय म्हणतोय आपला युरोप?" जणू युरोप म्हणजे त्यांचा धारवाडला राहणारा, तब्येतीनं जरा नाजूक जावई. म्हणून मिस्त्री मंडळींनी त्यांना 'युरोपअण्णा' नाव ठेवलं होतं. वरवर ते रागवायचे, पण आतून त्यांना ते आवडायचं, असा माझा संशय आहे.

आमचा कारखाना गोकुळ रोडच्या मागं, लहानसाच. समुद्राचं पाणी जहाजात घेणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या पाइपांवर बसतात ते व्हॉल्व्ह आम्ही करतो. धातू गनमेटल, म्हणजे तांब्यात कथील मिसळलेला, कारण खाऱ्या पाण्याला तोच टिकतो. हॉलंडमधली एक कंपनी ते आमच्याकडून घेते, आपल्या पंपांना जोडते आणि जहाज बांधणाऱ्यांना विकते. अण्णा आमच्याकडचे तपासनीस. मी पत्रव्यवहाराला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. आमचं दाजीबानपेठेत कापडाचं दुकान. सुती कुठलं आणि मिसळीचं कुठलं ते मी डोळे मिटून सांगितलं असतं, पण व्हॉल्व्ह म्हणजे माझ्या लेखी गॅसच्या शेगडीचं बटण. पहिल्याच दिवशी अण्णांनी माझ्या टेबलावर पाच किलोचा एक व्हॉल्व्ह आणून ठेवला आणि म्हणाले, "अक्का, ज्याच्याबद्दल लिहिणार, ते आधी उचलून बघ." वयानं मी त्यांना लेकीसारखी. पण ऑफिसातली म्हणून 'अक्का' म्हणायचं आणि बोलायचं मात्र एकेरीत, अशी त्यांनी स्वतःच तडजोड काढली होती.

डच कंपनी अधूनमधून त्यांच्या धंद्याची मासिकं पाठवायची. चहाच्या वेळी मी त्यातलं वाचून मराठीत सांगायची आणि अण्णा तेच मला परत समजावून सांगायचे. त्यांचा सिद्धांत पक्का होता. "जहाजाचा सांगाडा आता चीनवाले बांधतात, कोरियावाले बांधतात. बांधू देत की! लग्नाचा मांडव कुणीही घालू दे, जेवणाला आचारी आपल्या खात्रीचाच लागतो. इंजिन, पंप, सुकाणूची यंत्रं, सगळं जहाजाच्या पोटातलं. तिथं युरोपवाले आचारी." मी विचारलं, "आणि आपण?" त्यावर ते क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "आपण आचाऱ्याला मीठ देणारे. थोडंच लागतं, पण ते खराब निघालं की अख्खी पंगत उठते."

पुढं पुढं मासिकातल्या बातम्या बदलल्या तसा अण्णांचा चेहराही बदलला. चहाची बशी तशीच हातात धरून ते म्हणाले, "आता मांडववालेच म्हणायला लागले, जेवणही आम्हीच देतो, आणि स्वस्तात." जहाज बांधणारे देश आता पंप, व्हॉल्व्हही आपल्या घरचेच बसवायला निघाले होते. आमच्या डच कंपनीला त्याची झळ लागत होती आणि तिची झळ आम्हाला. दर पत्रात भाव कमी करा, भाव कमी करा. मालक वैतागायचे. कारखान्यात अठरा माणसं होती आणि गिऱ्हाईक म्हणाल तर मोठं असं हे एकच.

असल्या दिवसांतही अण्णांनी तपासणी तसूभरही सैल केली नाही. व्हॉल्व्हमध्ये पाणी भरायचं, दाब चढवायचा आणि जोडाखाली कोरड्या वर्तमानपत्राची पट्टी ठेवायची. मग तिकडं बघत बघत निवांत चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत कागद कोरडा राहिला तर व्हॉल्व्ह पास. एकदा मालक घाईनं म्हणाले, "अण्णा, एवढा एक सोडून द्या, ट्रक थांबलाय." अण्णा पट्टीवरून नजर न काढता म्हणाले, "ट्रकवाल्याला मी चहा पाजतो. पाण्याकडं वशिला चालत नाही, मालक." ट्रकवाला दोन कप चहा पिऊन गेला.

आता माझी करणी सांगते. ती सांगितल्याशिवाय अण्णा कोण होते ते कळायचं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या यंत्रांची पूजा असते. लेथला झेंडूच्या माळा, दाराला उभे ऊस, कोहळा फोडणं, सगळं यथासांग. त्या वर्षी साठेक व्हॉल्व्ह तयार होऊन पेट्यांत बसले होते. दुसऱ्या दिवशी झाकणं ठोकून ते बंदराला जायचे. माझ्या मनात आलं, यंत्रांना हळद आणि घडलेल्या वस्तूला नाही, हे कसं? घरातून बाई निघाली तर तिला हळदकुंकू लावल्याशिवाय आपण उंबरा ओलांडू देत नाही, आणि हे तर साता समुद्रापार निघालेले. मी ओल्या हळदीची वाटी घेतली आणि एकेका व्हॉल्व्हला दोन दोन बोटं लावत सुटले. मग घातला पदर खांद्यावर आणि प्रसादाला गेले. पाठवणी केल्याचं समाधान वाटत होतं.

दोन महिन्यांनी हॉलंडहून पत्र आलं. माल धुऊन घेताना व्हॉल्व्हवर लाल डाग उठले होते. सोबत फोटो. गनमेटल म्हणून स्वस्तातलं पितळ खपवलं की खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि मागं लालसर तांबं उरतं; हे डाग त्याच जातीचे तर नाहीत, असा त्यांचा प्रश्न होता. भाषा सभ्य होती, पण अर्थ एकच: तुम्ही भेसळ केलीत का? खुलासा येईपर्यंत पुढचा माल थांबवला होता.

मालकांचा चेहरा पांढरा पडला. फाउंड्रीवाल्याला बोलावणं गेलं, धातूच्या तपासणीचे कागद पुन्हा काढले. सगळं चोख होतं. मी फोटो मोठा करून पाहिला. प्रत्येक डाग दोन बोटांचा होता.

मी अण्णांकडं गेले. फोटो पुढं धरला आणि त्यातल्या डागावर माझी दोन बोटं ठेवून दाखवली. त्यांनी फोटो पाहिला, मग कारखान्यातल्या मोरीवरचा धुण्याचा सोडा मागवला. एका व्हॉल्व्हला हळद लावली आणि सोड्याच्या पाण्यात बुडवला. बघता बघता पिवळं बोट लालभडक झालं. "तिकडं सोड्यासारख्याच कशानं तरी धूत असतील," अण्णा म्हणाले. मी रडायलाच लागले. "इरली बिडवा," ते कन्नडात म्हणाले, असू दे, सोड. "तू लावत होतीस तेव्हा मी समोरच नारळ फोडत होतो. थांबवावं वाटलं, पण म्हटलं, देवाच्या कामात कशाला आडवं यायचं. हळद तुझी, गप्प बसणं माझं."

मी संध्याकाळपर्यंत खुलासा लिहिला. 'पॅकिंगच्या वेळी बाहेरच्या पदार्थाचा संपर्क आल्याची शक्यता आहे,' वगैरे. इंग्रजी मोठं गुळगुळीत जमलं होतं. अण्णांनी ते मराठीत ऐकलं आणि मान हलवली. "यानं संशय धातूवरच राहतो. खरं लिहून सोड. पूजा होती, हळद होती, कुणी लावली, का लावली."

"अण्णा, ते हसतील आपल्याला."

"हसू देत की! हसण्यानं ऑर्डर जात नाही, संशयानं जाते. आणि तुझं नाव घाल. खाली माझंही घाल."

मी तसं लिहिलं. आमच्याकडं निघालेल्याला हळदकुंकू लावतात, हेही लिहिलं. सोबत अण्णांचा व्हिडिओ: हळद, सोडा, लाल डाग, मग त्यावर लिंबू पिळून तो डाग पुन्हा पिवळा करून फडक्यानं पुसून दाखवलेला. शेवटी अण्णा कॅमेऱ्याकडं बघून, ज्याला एक अक्षर कळणार नाही त्या माणसाला मराठीत म्हणतात, "धातू कापून बघा साहेब, आमची हरकत नाही."

मालकांनी पत्र वाचलं आणि त्यांचा पारा चढला. "हे पाठवायचं? परदेशात आपली शोभा! आणि हिला मी उद्यापासून कामावर का ठेवू?" मी खाली मान घालून उभी होते. अण्णांनी खिशातली कारखान्यातल्या आपल्या लॉकरची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. "खाली माझंही नाव आहे, मालक. काढायचं तर दोघांना काढा. पण पत्र आधी पाठवा." मालकांनी किल्ली त्यांच्याकडं परत सरकवली. पत्र गेलं.

उत्तर यायला अकरा दिवस लागले. ते दिवस मी कसे काढले माझं मला ठाऊक. अण्णा रोजच्यासारखे वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापत बसायचे, पण युरोपची चौकशी त्यांनी एकदाही केली नाही. मी दुपारी डबा न खाताच बसले की आपल्या डब्यातली अर्धी ज्वारीची भाकरी माझ्यापुढं सरकवायचे आणि आपल्या बाकाकडं परत जायचे.

डच इंजिनियरनं दोन व्हॉल्व्ह खरंच कापून पाहिले होते. धातू चोख निघाला. पण पुढचं त्यानं मोकळेपणानं लिहिलं होतं. त्यांच्या वरिष्ठांनी अर्धा माल स्वस्तातल्या दुसऱ्या कारखान्याकडून घ्यायचं आधीच ठरवलं होतं, ते टळणार नव्हतं. उरलेला अर्धाही जायचा होता, तो मात्र आता आमच्याकडंच राहील. भावात आम्ही युरोपवाले कुणाला हरवू शकणार नाही, असं तो म्हणत होता. आम्ही टिकलो तर जहाज म्हातारं होईपर्यंत त्याला साथ देणारे म्हणूनच टिकू. आणि त्यासाठी चूक झाली की नावानिशी सांगणारी माणसं हवीत. म्हणून त्याला आमच्याकडून एक हमीपत्र पाहिजे होतं: या व्हॉल्व्हचे सुटे भाग वीस वर्षं पुरवू, आणि कुठलीही तक्रार आली तर अमुक एक माणूस तिला जबाबदार राहील. त्या माणसाचं नाव आणि सही.

मालकांनी ते साहजिकच अण्णांपुढं ठेवलं. कारखान्यातली सगळी माणसं दारात गोळा झाली होती. अण्णांनी हात पुसले, चष्मा लावला, माझ्याकडून सगळं मराठीत ऐकून घेतलं आणि कागद माझ्याकडं सरकवला. "मी आता साठीचा. वीस वर्षं कुठून आणू? हिची घ्या."

"हिची?" मालक म्हणाले. "हळद लावली ती हिनंच ना!"

"म्हणूनच," अण्णा म्हणाले. "हिची एक चूक होऊन गेली, आणि ती हिनं आपल्या हातानं लिहून पाठवली. दुसऱ्याचं अजून बघायचं आहे."

मी सही केली. त्या दिवसापासून अण्णांनी मला तपासणी शिकवायला घेतलं. दोन वर्षं रोज एक तास, टेस्टच्या बाकाशेजारी उभं करून. माझ्या घरच्यांना वाटे, पोरगी ऑफिसात बसते. पोरगी ग्रीसनं माखलेली घरी यायची आणि आई कपाळाला हात लावायची.

अण्णा निवृत्त झाले, मग छातीच्या दुखण्यानं घरीच असायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना भेटायला कमरीपेठेत गेले. आवाज खोल गेला होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मध्येच त्यांनी विचारलं, "किती झाली गं अक्का?"

हमीची वर्षं विचारतायत, हे मला लगेच कळलं. "सहा झाली, अण्णा."

"म्हणजे चौदा राहिली." ते जरा हसले. "सही माझी असती तर आजच हमी मोडली असती बघ." मग सुनेला हाक मारून म्हणाले, "हिला जेवल्याशिवाय सोडू नको."

मी जेवून निघाले. त्याच आठवड्यात ते गेले.

मधल्या काळात मला बेंगळुरूहून दोनदा बोलावणं आलं. मोठी कंपनी, मोठा हुद्दा. आई म्हणाली, वेडी आहेस. असेन. पण ज्या दिवशी मला हाकलून द्यायला हवं होतं, त्या दिवशी एका माणसानं माझ्यासाठी स्वतःची किल्ली टेबलावर ठेवली, आणि नंतर, पुढची वीस वर्षं माझ्यावर कुणी विसंबू शकेल असं सगळ्यांदेखत सांगितलं. माझ्या आईबापांनीसुद्धा माझ्यावर इतक्या लांबचा विश्वास टाकलेला नाही. अण्णा, आठ झाली. बारा राहिलीत. मी इथंच आहे.