लोड दिला की बंद

कसब्यातल्या आमच्या दोन खोल्यांत सून जेवणाच्या टेबलावर व्होल्टेज बदलणाऱ्या कन्व्हर्टरचे बोर्ड तपासते. त्या दिवशी संध्याकाळी गिऱ्हाईक बोर्ड चालवून बघायला येणार होतं. बोर्ड नुसता चालू ठेवला की चालायचा, लोड म्हणून बल्ब जोडले की बंद. गिऱ्हाइकासमोर असं झालं असतं, तर पुढचं सगळं काम हातचं जाणार होतं. मला बसवेना. मी सारखी आत-बाहेर करत होते.

"पुन्हा पडला का गं बंद?"

"आई, तुम्ही विचारलंत की पडतो."

"मग गिऱ्हाइकाला सांग, सासू असलेल्या घरात चालत नाही म्हणून."

ती हसली नाही. तिनं बोर्ड गार होऊ दिला, तरी तेच. मग मीटर घेतला. बोर्डाला वीज देणाऱ्या सप्लायच्या डब्यापाशी चोवीस व्होल्ट होते, बल्ब जोडल्यावरही चोवीसच. बोर्डापाशी मीटर लावून बल्ब जोडले, तर आकडा घसरला आणि बोर्ड बंद.

डबा आणि बोर्ड यांच्या मधे होती ती गणपतीच्या मखराची उरलेली वायर. बारीक, लांबलचक. आमच्याकडे ती कोणी टाकत नाही, वर्षभर कशालाही जोडतात.

"वाटेतच व्होल्टेज खातेय ही. बोर्डाला पुरत नाही, म्हणून तो बंद होतो," सून म्हणाली. तिनं जाड, आखूड वायर लावली. बल्ब पेटले ते पेटलेच.

गिऱ्हाईक आलं. चहा देतानाही माझी नजर बल्बांवरच होती.

"आजी, काय बघताय?"

"काही नाही. चहा घ्या आणि बोर्ड घेऊन जा लवकर."