जमिनीखालची चौथी ओळ

शाळा उघडायच्या आठवड्यात माझ्या स्टेशनरीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. कंपासपेट्या, ब्राऊन पेपर, घामाघूम झालेल्या आया आणि त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडणारी मुलं... त्या गदारोळात फोन वाजला. दिगंबररावांच्या घरून होता. "भाऊजी, हे गेले," एवढंच वहिनी म्हणाल्या आणि त्यांच्या हातून घेऊन कुणीतरी फोन ठेवला. समोरच्या बाईंना चौकटीची वही हवी होती. मी एकरेघी दिली. त्यांनी बदलून मागितली, तर मी पुन्हा एकरेघीच दिली. शेवटी त्या वैतागून शेजारच्या दुकानात गेल्या तेव्हा कुठे मला कळलं, की आपण शटर ओढायला हवं. गेले काही महिने ही बातमी येणार हे ठाऊक होतं. ठाऊक असल्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

दिगंबरराव अंबडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक तुकडा मापात आहे की नाही ते बघायचं, आणि नसेल तर बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. बाजूला काढण्याची ती सवय त्यांनी घरीही आणली होती. वहिनी म्हणायच्या, "पोळीसुद्धा उजेडात धरून बघतात." माझी त्यांची ओळख नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पांडवलेण्यात झाली. मी पाहुण्यांना लेणी दाखवायला घेऊन गेलो होतो. एका भिंतीपाशी एक उंच, किडकिडीत गृहस्थ न्हाव्याकडे असतो तसला आरसा घेऊन अवघडून उभे होते. मला म्हणाले, "जरा धरता का? मी वाचतो." आरशाने ऊन भिंतीवर तिरपं पाडलं की झिजलेल्या अक्षरांच्या कडेला सावली पडते आणि जिथे नुसता खडबडीत दगड दिसत होता तिथे लिहिलेलं उठून येतं. मी ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पाहुणे कंटाळून खाली उतरले, चहा पिऊन आले, तरी मी आरसा धरून उभाच. पुढची कितीतरी वर्षं आमची कामाची वाटणी हीच राहिली. मी आरसा धरायचा, त्यांनी वाचायचं. माझ्या दुकानामुळे ते मला 'शेठ' म्हणायचे. "शेठ, ऊन जरा खाली घ्या," असं इतक्या सहज म्हणायचे, जणू ऊन माझ्या गल्ल्यात ठेवलेलं असावं.

हळूहळू आमची पाचसहा जणांची टोळी जमली. दर रविवारी मोटारसायकली काढायच्या, कुठल्यातरी गावाच्या वेशीपाशी, पारापाशी पडलेले जुने दगड शोधायचे, मोजायचे, फोटो काढायचे आणि ऊन उतरलं की घरी यायचं. घरच्यांनी आमचं नाव 'दगडू मंडळ' ठेवलं होतं, ते आम्हीही आनंदाने लावून घेतलं. आमच्यातले बाकीचे उत्साही होते. दोन अक्षरं लागली की तिसरं मनाने घालून वाक्य पुरं करायचे. दिगंबरराव तिथेच अडवायचे. "दिसतंय का? नाही ना? मग नाही." किती वादावादी व्हायची! एकदा तर एकजण रागावून अर्ध्या वाटेतून परत गेला. पुढच्या रविवारी तोच सगळ्यांच्या आधी हजर. दिगंबररावांवर रागावता यायचं, त्यांना सोडता यायचं नाही.

विंचूरच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर एका गावाच्या शिवारात आम्हाला एक वीरगळ सापडला. लढाईत किंवा गाई सोडवताना पडलेल्या माणसासाठी गावाने उभा केलेला दगड म्हणजे वीरगळ. आपल्याकडे गावोगाव आहेत. पण त्यांच्यावर सहसा अक्षरं कोरलेली नसतात. कोण पडला, कुणासाठी पडला, काही कळत नाही. या दगडावर मात्र सगळ्यात खाली, कोरलेल्या गाईंच्या पायाखाली ओळी होत्या. शेताचे मालक नामदेवआबा दर हंगामाला त्याच्यापुढे नारळ फोडत. आम्ही पाणी घालून दगड धुतला, मी आरसा धरला, आणि दिगंबरराव चक्क मातीत आडवे झाले. पहिल्या ओळीत शक, म्हणजे साल होतं, पण आकडे झिजलेले; अक्षरांच्या वळणावरून सुमारे आठशे वर्षांपूर्वीचं एवढंच कळत होतं. दुसरीत गावाचं नाव, आजही ओळखू येईल असं. तिसरीत गाईंचा उल्लेख, आणि शेवटी 'माहादेवाचा सुत'. त्यापुढचं, म्हणजे त्या मुलाचं नाव, चौथ्या ओळीत असणार. आणि चौथी ओळ जमिनीखाली होती. मातीच्या कडेवर अक्षरांच्या वरच्या रेषा तेवढ्या दिसत होत्या... माणूस दाराआड उभा असावा आणि टोपी दिसावी, तशा.

मध्ये होती फक्त वीतभर माती. मी खुरपं मागायला निघालो, तर दिगंबरराव म्हणाले, "खणायचं नाही." त्याला कारण होतं. पूर्वी दुसऱ्या एका गावात काही हौशी मंडळींना लेखाचा दगड पहार लावून वर काढताना त्यांनी पाहिलं होतं. दगड बरोबर अक्षरांवरून दुभंगला. तो आवाज अजून कानात आहे, असं ते सांगायचे. शिवाय त्यांचं म्हणणं असं, की दगड जिथे रोवला तिथली मातीही काही सांगते, ती उकरायची तर जाणत्या माणसाने, रीतसर. "आठशे वर्षं थांबलाय तो. थोडा अजून थांबेल." आम्ही सगळे एका बाजूला आणि ते एकटे एका बाजूला. त्यांनी सरकारी खात्याला कळवलं. पुन्हा कळवलं. कुणी आलं नाही. आम्ही मात्र मधूनमधून जात राहिलो. नामदेवआबांच्या बांधावर बसून भाकरी खायची आणि दिगंबरराव त्या दगडाकडे बघत राहायचे. मला त्यांनी एकदा सांगितलं होतं, "शेठ, बापाचं नाव राहिलं, गावाचं राहिलं, गाईसुद्धा राहिल्या. जो मेला त्याचंच तेवढं कळायचं बाकी आहे. ते कळलं की मी मोकळा." इतका हट्ट त्यांनी दुसऱ्या कशाचाच धरलेला मी पाहिला नाही.

दोन हजार सालानंतर केव्हातरी त्या रस्त्याच्या रुंदीकरणाची बोलणी सुरू झाली. नामदेवआबा कांदा घेऊन बाजारात आले की माझ्या दुकानात निरोप ठेवायचे. या वेळी दिगंबररावांना भेटायला थेट घरीच आले. मीही तिथे होतो. आबा म्हणाले, "सर, दगड रस्त्यात जातोय. ट्रॅक्टर हे, चार गडी हेत. मळ्यात नेऊन उभा करतो. तुमी फकस्त हो म्हना." दिगंबररावांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "आबा, तो जिथे पडला तिथेच दगड उभा केलाय. मळ्यात नेला तर तो नुसता दगड राहील." आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "अहो, नुसता तर नुसता, राहील तरी!" पण पालथ्या घड्यावर पाणी. दिगंबररावांनी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली, रस्त्याच्या कामावरच्या सुपरवायझरला गाठलं, त्याला सगळं समजावलं. भला माणूस होता. रस्ता दोन हात सरकवून घेतो म्हणाला. दिगंबररावांनी बादलीत चुना कालवून दगडाभोवती स्वतःच्या हाताने गोल पट्टा मारला, आणि दगडावरही वरच्या बाजूला एक फुली. त्यांच्या कारखान्यात खूण केलेल्या तुकड्याला निकाल लागेपर्यंत कोणी बोट लावत नसे. परत येताना गाडीवर मागे बसून ते चक्क गाणं गुणगुणत होते.

रस्त्याच्या कामावर चुना मारलेलं झाड तोडायचं असतं आणि चुना मारलेला दगड काढायचा असतो, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. सुपरवायझर दोन दिवस दुसऱ्या टप्प्यावर गेला. नवीन जेसीबीवाल्याने खूण पाहिली आणि सांगितल्यासारखं काम केलं. नामदेवआबा त्या दिवशी लासलगावला होते. ते आले तेव्हा जागा सपाट होती. आम्ही पोचलो तोवर ढिगारा खडी क्रशरवर गेला होता. दिगंबरराव तिथल्या ढिगाऱ्यांवर चढून एकेक तुकडा उलटून बघत फिरले, बुटांत खडी, हात सोललेले. त्या दिवशी, आणि मग पुढच्या रविवारी, आणि त्याच्या पुढच्या. एकदा वरचा, चंद्रसूर्य कोरलेला कोपरा सापडला. तो त्यांनी आबांच्या हातात दिला. खालचं काही सापडलं नाही. आबा कुणाला दोष देणारे नव्हते. फक्त म्हणाले, "सर, तुमी नाय म्हनले म्हून म्या हात नाय लावला." हे ते सांत्वन म्हणून म्हणाले होते.

त्यानंतर दिगंबररावांनी हाय खाल्ली. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. रविवारी फोन केला तर "आज गुडघा दुखतोय" म्हणायचे. पुढे कारखान्याने माणसं कमी केली, तेव्हा तेही घरी बसले. टोळीतले बाकीचे थोडे दिवस फिरले, मग कुणाची बदली झाली, कुणाच्या मुलीचं लग्न निघालं, आणि दगडू मंडळ कधी मोडलं हे कुणालाच सांगता येणार नाही. मग त्यांच्या मूत्रपिंडाचं दुखणं निघालं. मला त्यांची कीव यायची आणि तितकाच रागही यायचा. अजूनही येतो. वीतभर माती, अहो! खुरप्याने काम झालं असतं. पण लगेच वाटतं, खुरपं चालवू दिलं असतं तर ते दिगंबररावच राहिले नसते, आणि मी पांडवलेण्यातून पाहुण्यांबरोबर वेळेवर खाली उतरलो असतो.

शेवटचे भेटलो तेव्हा ते सिडकोतल्या घरी पुढच्या खोलीत पडून होते. पाय सुजले होते. वहिनी चहा टाकायला आत गेल्या तसे म्हणाले, "शेठ, काय असेल हो नाव?" वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, "दिगंबर असेल." ते हसले नाहीत. "न दिसलेलं बोलू नये," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने, माझ्याकडे न वळताच, "खणलं असतं तर..." एवढं म्हणाले. मी वाट पाहिली. वहिनी चहा घेऊन आल्या आणि आम्ही डायलिसिसच्या तारखांबद्दल बोललो.

दहाव्याला रामकुंडावर मी गेलो होतो. पिंड ठेवले. कावळे पुष्कळ होते, शेजारच्या लोकांच्या पिंडांना धडाधड शिवत होते. आमच्याकडे एकही येईना. त्यांच्या धाकट्या भावाने हात जोडून सांगितलं, "वहिनींना अंतर देणार नाही." मग, "तुमच्या पोरीचं शिक्षण थांबू देणार नाही." कावळे कठड्यावरून बघत होते. शेवटी भाऊ माझ्याकडे वळले. "त्यांचा जीव कशात होता ते तुम्हालाच ठाऊक. तुम्ही बोला." मी पुढे झालो, हात जोडले. काय सांगायचं? दगड कुठे पुरला गेला असता तर खणून काढतो म्हणालो असतो. कुणी चोरून नेला असता तर शोधतो म्हणालो असतो. तो खडी होऊन रस्त्यात दाबला गेला आहे आणि त्यावरून कांद्याचे ट्रक जातात. भाऊ माझ्या कानाशी लागले, "चौथी ओळ वाचू, असं म्हणा की. म्हणायला काय जातंय?" खरंच, काय जात होतं? दुसऱ्या कुणासाठी मी बिनदिक्कत म्हणालो असतो. मी मोठ्याने म्हणालो, "दिगंबरराव, ती ओळ आता कुणालाच वाचता येणार नाही." भावाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घातली. आम्ही आणखी बराच वेळ उभे राहिलो. उन्हं डोक्यावर आली. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला, आणि मागे लोक खोळंबलेत, जरा जागा करून द्या, म्हणाले.